तिसरा पर्याय शोभेला

३ मार्च, सोमवार

वरून बोलावणं आलं. अधिष्ठातासाहेबांनी स्वतःच्या हाताने डोंगरावरचा ऊलाँग चहा ओतला — तेव्हाच ओळखलं. चहा चांगला म्हणजे बातमी वाईट, एवढं आता कळतं.

"आधीच देशात मुलं जन्माला येईनात, पेइ-रू. जी येतात ती तुमच्याकडे टिकेनात. मागच्या वर्षीची निम्म्याहून जास्त पोरं पहिल्या सत्रानंतर पळाली! पुढच्या तुकडीचंही असंच झालं, तर संगणक विभागाचे प्रवेश बंद."

पळाली कुठे, तर पाळीव प्राण्यांच्या विभागात. कुत्र्यांचे केस कापायला शिकायचं तर तिथे रांग आहे म्हणे. मी विचारलं, "का पळाली असतील?" ते म्हणाले, "तुला माहीत नाही?"

माहीत आहे. आख्ख्या च्याई शहराला माहीत आहे. पहिल्या वर्षाला वेंग सर सी शिकवतात, संगणकाची जुनी, कडक भाषा.

एक दाढ काढायला गेले होते गेल्या जूनमध्ये. गालात कापूस घेऊन परत आले तर बैठकीने मला विभागप्रमुख करून टाकलेलं. जो हजर नाही त्याच्या गळ्यात! त्या दाढेने आयुष्यभर छळलं, पण जाता जाता जे केलं ते सगळ्यात वाईट.

४ मार्च

सरांबद्दल लिहायचं राहिलं. खरं तर टाळलं.

विभाग सुरू झाला तेव्हापासून पहिलं वर्ष सरांचं. सुरुवातीला संगणकाला हात लावू देत नाहीत, कागदावर लिहायचं. चुकलं की रागावत नाहीत, नुसते चष्म्यावरून बघतात. त्यापेक्षा रागावलेले परवडले. मी त्यांच्याकडेच शिकले, आणि सीमध्ये नापास झाले! रडत घरी निघाले होते, तर गेटाशी थांबवलं. "रविवारी ये." रविवारी टेबलावर चहाचे रिकामे पत्र्याचे डबे मांडलेले. "हा उघड." उघडला. आत चिठ्ठी, 'खिडकीजवळचा डबा.' तो उघडला तर त्यात शेंगदाण्याची वडी. "पहिल्या डब्यात वडी नव्हती. वडी कुठे आहे तो पत्ता होता. पॉइंटर म्हणजे एवढंच. आता वडी खा आणि रडणं बंद कर."

त्या वडीवर मी आज प्राध्यापक आहे.

सर पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात निवृत्त होतात. वर्षाखेरीच्या जेवणात उभं राहून एकच मागणं केलं होतं त्यांनी: "शेवटची तुकडी पहिल्या वर्षाची द्या. ज्यांना काही येत नाही अशी. बाकी काही नको."

आणि मला काय करायचंय? सी काढून पायथन आणायचं, पोरांना सोपं जाणारं. पायथन शिकवणार विभागातला तरुण फान. म्हणजे माझ्या गुरूच्या हातातला खडू मीच काढून घ्यायचा. एक दिवसाचा गुरू तो जन्माचा बाप, असं आई म्हणायची. बरं झालं ती हे बघायला नाही.

१२ मार्च, बुधवार

अभ्यासक्रम समितीची पहिली बैठक. आम्ही पाच जण: मी, वेंग सर, फान, हुंग बाई आणि चौथ्या वर्षाची विद्यार्थी प्रतिनिधी याओ-तिंग, जी मान डोलवायला येते.

आधी जेवणाचे डबे. ऑफिसातल्या श्यो-चिन ताई नेहमी विचारतात, "तंगडी की मासा?" आणि नेहमीप्रमाणे सगळे, "काहीही चालेल." ताईंनी चार मासे आणि एक तंगडी आणली. ती तंगडी टेबलाभोवती फिरली. सर म्हणाले फानला घे, तरुण आहेस. फान म्हणाला हुंग बाईंना द्या. हुंग बाई म्हणाल्या मुलीला द्या. मुलगी म्हणाली मॅडमना. मी म्हटलं सरांना! शेवटी तंगडी ताईंच्या कुत्र्याला गेली. नेहमी त्यालाच जाते. आमच्या सभ्यतेवर ते कुत्रं गुबगुबीत झालंय.

मग विषय. फान नवा आहे, तोंडात पायथनशिवाय दुसरं नाव नाही. "पहिल्याच दिवशी पोरांना काहीतरी करून दाखवता येतं सर! चार ओळींत चित्र! आनंद पाहिजे!" सर शांतपणे माशाचा काटा काढत म्हणाले, "आनंद पाहिजेच. पाया खणताना गवंडी नाचतो का पण?" फान म्हणाला, "तसं नाही सर, तुमचंही बरोबर आहे." सर म्हणाले, "नाही नाही, तुझंच बरोबर आहे." अर्धा तास दोघं एकमेकांना बरोबर ठरवत बसले. ठरलं काहीच नाही.

हुंग बाई हार्डवेअरच्या. त्यांनी फक्त घड्याळ पाहिलं.

घरी आले तर शिन-रान टॅबवर एक कासव फिरवत बसलेली. म्हटलं आठवीत आलीस, अभ्यास कर. "हाच अभ्यास आहे, आई." पोरं उत्तराला पक्की झालीत.

२० मार्च

मतदान घ्यायचं ठरवलं, गुप्त. तोंडाने कोणी बोलणार नाही म्हटल्यावर दुसरा मार्ग काय?

पण नियम असा की मतपत्रिकेवर किमान तीन पर्याय हवेत. दोनच असले की भांडण झाल्यासारखं दिसतं. तिसरा शोभेला घालायचा, सगळे घालतात. नवऱ्याच्या कचेरीत तर शोभेचा उमेदवार म्हणून दर वर्षी एकच माणूस उभा करतात, त्याला त्याचा वेगळा सूट आहे.

मी जावा घातली, तिसरीच एक भाषा. कोणाला नको, कोणाच्या मनात नाही. निरुपद्रवी.

४ एप्रिल, शुक्रवार

सासऱ्यांच्या थडग्यावरचं गवत काढायला सगळे गावी. अगरबत्ती लावून सगळे बाजूला झाले तेव्हा मी हळूच कौल लावला. लाकडाच्या दोन चकत्या टाकल्या. "बाबा, पायथन आणू का?" दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे पूर्वज नुसते हसतायत, उत्तर देत नाहीत. "मग सी राहू दे?" पुन्हा दोन्ही वर! पुन्हा हसले!

सासूबाई म्हणाल्या, "काय विचारलंस गं?" म्हटलं, शिन-रानच्या अभ्यासाचं.

१६ एप्रिल, बुधवार

झालं. जे झालं ते लिहायला लाज वाटते, पण इथे नाही लिहायचं तर कुठे?

श्यो-चिन ताईंनी मतपेटी म्हणून बिस्किटांचा खोका आणला. त्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी, जशी आमच्या प्रत्येक सर्व्हरच्या डोक्यावर असते — यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून. ताई म्हणाल्या, "यंत्र वागतं तर माणसं का नाही वागणार?"

एकेकाने पडद्यामागे जाऊन शिक्का मारायचा. मी आत गेले. शिक्का हातात. पायथनच्या चौकटीवर नेला, तर पडद्याच्या फटीतून सर दिसले. हात मांडीवर, डोळे मिटलेले, दवाखान्यात नंबर लावून बसावं तसे. नाही मारवला. सीच्या चौकटीवर नेला, तर अधिष्ठातासाहेबांचा ऊलाँग आठवला. विभाग बंद झाला तर सरांच्या खडूचं काय लोणचं घालायचंय? तेही नाही मारवलं.

जावावर मारला. म्हटलं माझं एक मत गेलं वाया, बाकीचे चौघं ठरवतील. माझ्या हाताला पाप नको.

ताईंनी मोजायला घेतलं. "जावा, एक." मी छताकडे बघितलं. "सी, एक. पायथन, एक." इथवर ठीक. "जावा, दोन." आता हा कोण शहाणा? "जावा... तीन."

मग याओ-तिंगला उचकी लागली ती थांबेना.

तीन मतांनी जावा! पाच जणांत जी एकालाही नको होती ती बहुमताने निवडून आली. सर म्हणाले, "अभिनंदन." कोणाचं, ते त्यांनाही कळलं नसावं.

१७ एप्रिल

जावा शिकवणार कोण? विभागात ती येते एकट्या हुंग बाईंना, कधीकाळी शिकवली होती. आज माझ्या खोलीत येऊन धाडकन बसल्या. "मी पहिल्या वर्षाला उभी राहणार नाही. मला पोरं बघितली की पित्त होतं." आणि मग इतक्या जोरात पंखा हलवायला लागल्या की मला शंका आली. या बाईंनीच मारला असणार शिक्का! हात दाखवून अवलक्षण!

पण विचारू कसं? विचारलं तर त्या म्हणणार, आणि तू?

दुपारी श्यो-चिन ताई पांढऱ्याफटक पडून आल्या. हातात हिरवी पुडी. "मॅडम, हिची मुदत संपली होती. गेल्या महिन्यातच!" सगळ्यांना केवढा आनंद झाला! फानसारखा डॉक्टरेट केलेला माणूस गंभीरपणे म्हणाला, "मग निकाल ग्राह्य कसा धरायचा?" मी म्हटलं, वर काय लिहून पाठवू? खाऊ शिळा होता म्हणून?

तो म्हणाला, "वरच्यांना पटेल, मॅडम." पटेलही. पण नको.

२२ एप्रिल

सभेची नियमावली काढून बसले. फेरविचार करता येतो. कधी कोणाला लागली नसेल, पण सोय आहे. फक्त एक अट आहे. फेरविचाराचा ठराव त्यानेच मांडायचा, ज्याने जिंकलेल्या बाजूला मत दिलं.

म्हणजे कोणीतरी उभं राहून म्हणायचं, "जावाला मत मी दिलं." वेंग सरांसमोर.

मी नियमावली मिटली आणि कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. स्टूल लागतं तिथे.

३० एप्रिल

सगळ्यांना नियम कळलाय. (मीच 'माहितीसाठी' पाठवला. वाटलं, दुसरं कोणीतरी पुढे येईल.) कोणीही पुढे आलं नाही. सगळे दुसऱ्या कोणाची तरी वाट बघतायत. हुंग बाई म्हणतात, "ज्याने केलं त्याने सांगावं, त्यात लाज कसली?" याओ-तिंग मला बघितलं की जिन्याने जाते. आणि मी? मीही फानला म्हटलं, "ज्याने केलं त्याने सांगावं." तोंड वर करून म्हटलं!

फान बिचारा सरांची नजर चुकवतो. सर फानची. मी दोघांचीही. कॉफीच्या यंत्रापाशी आम्ही एकमेकांना 'तुम्ही आधी, तुम्ही आधी' म्हणतो, आणि कॉफी गार होते.

९ मे

सर आज खोलीत आले, खिशातून शेंगदाण्याच्या वडीचा कागद काढला, माझ्या टेबलावर वडी ठेवली आणि निघून गेले.

झोप उडवायची ही काय पद्धत आहे?

२० मे

उद्या बैठक. ची-वेईला सगळं सांगितलं. तो हसत सुटला. नवरे हसतातच. मग म्हणाला, "सर तुला दुसऱ्यांदा नापास करतील का?" म्हटलं, नापास केलं तर बरं, चष्म्यावरून बघितलं तर काय करू?

२१ मे, बुधवार

डबे आले. ताईंनी विचारलं, "तंगडी की मासा?" आम्ही तोंड उघडायच्या आत सर म्हणाले, "तंगडी. मला."

ताईंच्या हातातून पेन पडलं.

सरांनी शांतपणे तंगडी खाल्ली. हाड कागदात गुंडाळलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं मला तीच हवी होती. आणि माझ्या अंदाजाने तुम्हा सगळ्यांना." त्यानंतर माझ्याकडे बघितलं. चष्म्यावरून.

मी उभी राहिले. म्हटलं, "फेरविचाराचा ठराव मांडते. जावाला मत मी दिलं." आवाज इतका बारीक आला की ताईंनी "काय?" म्हणून पुन्हा विचारलं! पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. मग थांबताच येईना. "मला पायथन हवंय सर. पोरं पळतात, विभाग बुडेल. पण तुमचा वर्ग काढून घ्यायचा धीर नाही झाला. तुम्हाला दुखवायचं नव्हतं, आणि विभाग बुडवल्याचं खापरही नको होतं. म्हणून शोभेच्या चौकटीवर शिक्का मारून मोकळी झाले. भित्री आहे मी."

मग हुंग बाईंचा पंखा थांबला. "मीही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं भांडण तुमचं, मी कशाला मध्ये?" याओ-तिंग तर रडायलाच लागली. "मला दोन्ही सरांच्या परीक्षा द्यायच्यात अजून!"

तीन झाले. म्हणजे सीचं मत सरांचं आणि पायथनचं फानचं, असं मी मनात जुळवलं. एवढे दिवस तेच धरून चालले होते.

सर खाकरले. "पायथनचं मत माझं."

फान लालबुंद झाला, कानाच्या पाळ्यांपर्यंत. खाली बघून पुटपुटला, "सीचं माझं. सरांची शेवटची तुकडी आहे... एक वर्षाने काय फरक पडतो, म्हटलं. पायथन कुठे पळून जातंय?"

ज्यांचं भांडण म्हणून आम्ही तिघी घाबरलो, त्या दोघांनी एकमेकांना मत दिलं! आणि आम्ही सभ्य, समंजस, कोणाला न दुखवणाऱ्या, आम्ही तिघींनी मिळून घोळ घातला. मला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दोन्ही लपवायला माशाचा डबा तोंडाजवळ धरला.

सर म्हणाले, "पेइ-रू, तुला मी सी कधी शिकवली? मी डबे उघडायला शिकवलं. डबा कोणत्याही भाषेचा असू दे." मग फानकडे वळले. "मला शिकवशील? सुट्टीत. शेवटची तुकडी मी सोडत नाही, पायथन तर पायथन."

फेरमतदान झालं. पायथनला पाच. या वेळी पुडी ताजी होती, ताईंनी दोनदा तारीख वाचली.

२२ मे

अधिष्ठातासाहेबांना कळवलं. साधा चहा दिला. हायसं वाटलं!

३ जुलै, गुरुवार

सरांची शाळा सुरू. फान मास्तर, सर पहिल्या बाकावर, वही, दोन रंगांची पेनं. मी दारातून बघत होते. सर सीच्या सवयीने प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम टाकतात आणि फान प्रत्येक वेळी म्हणतो, "सर, तो लागत नाही." सर म्हणतात, "लागत नाही म्हणून टाकायचाच नाही? जेवल्यावर ढेकर लागतो का?"

ओळीच्या आधी जागा किती सोडायची यावर तासभर वाद. "रिकाम्या जागेला अर्थ! ही भाषा आहे की हायकू?" आणि न सांगता सवरता कुठेही नाव वापरता येतं हे तर सरांना असभ्य वाटतं. "आधी ओळख नाही, पाळख नाही, थेट स्वयंपाकघरात!"

फान आज पहिल्यांदा त्यांच्यासमोर हसला. अगदी खळखळून.

१८ जुलै

सर घरी जेवायला आले, सोबत लॅपटॉप. जेवणाआधी एक गणित अडलं होतं. मी स्वयंपाकघरात. परत आले तर शिन-रान सरांच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आजोबा, तिथे अर्धविराम नको. आणि ही ओळ थोडी आत ढकला." ढकलली. चाललं!

सर तिच्याकडे बघत राहिले. मला किती अभिमान वाटला! घरात एवढं बोलणं चाललेलं असतं, ऐकून ऐकूनच शिकली असणार. कानावर पडलं की मुलं उचलतात. ची-वेईला म्हटलं, रक्तातच आहे हो.

तिने डोळे फिरवले. तेही रक्तातच आहे.

२८ ऑगस्ट

सरांनी खोली आवरली. सीच्या नोंदी रद्दीत दिल्या, मी अडवायच्या आत. मग एका पिशवीत चहाचे डबे घेऊन माझ्याकडे आले. तेच डबे! एकाच्या झाकणाला अजून खिडकीचा रंग लागलेला. "पेनं ठेव यात. मला आता लागणार नाहीत. पायथनमध्ये पत्ते विचारावे लागत नाहीत, वडी आपोआप हातात येते." हसत म्हणाले, पण पिशवी सोडायला त्यांना जरा वेळ लागला.

मी डबे खिडकीत मांडले. पेनं नाही ठेवली. ठेववेनात.

मला वाटलं होतं, मार्ग निघाला की बरं वाटेल. मार्ग निघाला. सगळ्यांचं भलं झालं. आणि मला वाईट वाटतंय, खूप वाईट.

५ सप्टेंबर, शुक्रवार

भुतांच्या महिन्याची पूजा. प्रयोगशाळेच्या दाराशी टेबल मांडलं, फळं, नूडल्स, बिअर, हिरव्या पुड्यांची रास. भटक्या आत्म्यांनी खाऊन पिऊन जावं, सर्व्हरला हात लावू नये.

सर अगरबत्ती धरून बराच वेळ उभे होते. फानने हळूच विचारलं, "काय मागितलंत?"

"मागितलं नाही. एका जुन्या मैत्रिणीला जेवायला बोलावलं."

मैत्रीण म्हणजे सी, हे दोघांनाही कळलं. फान पटकन पुड्या सरळ करायला वाकला. मीही वाकले. पुड्या सरळच होत्या.

८ सप्टेंबर

नवी तुकडी आली. वर्ग भरलाय! उद्या सकाळी सरांचा पहिला तास. नवा शर्ट घेतलाय म्हणे. फानने त्यांच्याकडून काल तीनदा उजळणी करून घेतली आणि आता त्यालाच ताप आलाय.

९ सप्टेंबर, मंगळवार

तास सुरू होऊन पंधरा मिनिटं नाही झाली तर सर माझ्या दारात. धापा टाकत. "पेइ-रू, डबे परत दे."

काय झालं? सरांनी फळ्यावर पायथनची पहिली ओळ लिहिली, विनाअर्धविराम. पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हे आम्हाला शाळेत झालं." सरांनी विचारलं, आणखी कोणाचं झालंय? सगळ्या वर्गाचे हात वर. सातवीपासून! पायथनच्या ओळी लिहून शाळेत चालवायला लावतात ते कासव!! माझ्या घरात, माझ्या जेवणाच्या टेबलावर फिरत होतं ते कासव! आम्ही पाच विद्वान सहा महिने भांडलो, फुगलो, रडलो, आणि पोरांना विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

"मग तुम्हाला काय शिकायचंय?" सरांनी विचारलं. तर मागून एक पोरगा म्हणाला, "ते पत्त्यांचं असतं ना सर, फार अवघड? ज्याला सगळे घाबरतात? ते शिकवाल?"

मी खिडकीतून डबे काढून त्यांच्या हातात भरत होते. म्हटलं, सर, पण मग पुन्हा फेरविचार, पुन्हा ठराव...

सर दारातून वळले. दोन्ही हात डब्यांनी भरलेले, चष्मा नाकावर घसरलेला, आणि चेहरा — असा मी कधी बघितला नव्हता.

"ठराव मी मांडतो. या वेळी मीही जिंकलेल्या बाजूचा आहे."